१९१८ मध्येच बझुका आला असता तर?

प्रश्न: मी वरणगावचा, वडील ऑर्डनन्स फॅक्टरीत होते म्हणून गोळ्या-काडतुसं हा विषय घरातलाच. पहिल्या महायुद्धातच जवानाच्या खांद्यावर बझुका, म्हणजे रणगाडा फोडणारं रॉकेट सोडायची नळी, असता तर रणगाडा तिथंच संपला असता का?

उत्तर: संपला नसता भाऊ, पण रणगाडेवाल्यांना शहाणपण लवकर आलं असतं, असं मला अगदी मनापासून वाटतं. तुमचा प्रश्न हवेतला नाहीये, बझुकाचे दोन भाग, नळीतलं रॉकेट आणि त्याच्या टोकाचं चिलखत फोडणारं स्फोटक; त्यातलं पहिलं, रॉकेटतज्ज्ञ रॉबर्ट गॉडार्डने नळीतून सुटणारं रॉकेट नोव्हेंबर १९१८ मध्ये अमेरिकेत लष्करासमोर उडवून दाखवलं होतं, आणि आठवडाभरात युद्धच थांबलं, मग ते मागं पडलं.

दुसरा भाग, म्हणजे ते स्फोटक, तर अजून जुना. १८८८ च्या सुमारास अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स मन्रोला दिसलं की स्फोटकाच्या ठोकळ्यावर कोरलेली अक्षरं स्फोटानंतर धातूच्या पत्र्यावर उमटतात, म्हणजे पोकळी असेल तिथं जोर एकवटतो. त्या पोकळीत तांब्याचं नरसाळं बसवा, रुंद तोंड चिलखताकडे, स्फोट झाला की ते आतल्या आत चेपतं आणि त्याची बारीक धार सुटते ती पोलादातून आरपार. गोळा वेगात मारायची गरजच नाही, म्हणून जड तोफ नको. पोकळीला असं धातूचं अस्तर लावायचं तंत्र १९३० च्या दशकात जमलं आणि बझुका आला १९४२ ला.

१९१८ ला जर्मनांकडे होती माउझरची १३.२ मिमी रायफल, एका वेळी एकच गोळी, वजन १५ किलोच्या वर, धक्का असा की खांदा सुजायचा. ब्रिटिश मार्क ४ रणगाड्याचं चिलखत जेमतेम १२ मिमी म्हणून ती चालली.

तेव्हा बझुका असता तर 'रणगाडा एकटाच पुरे' हे खूळ वाढलंच नसतं. १९७३ च्या ऑक्टोबरात सिनाईत इस्रायली रणगाडे पुरेशा पायदळाशिवाय पुढं गेले, इजिप्तच्या जवानांनी सॅगर (तारेनं वळवायचं रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र) आणि आरपीजीने (खांद्यावरून मारायचं रॉकेट) ते पेटवले, आणि मग पायदळ-तोफखाना सोबत घेणं सुरू झालं. हा धडा पन्नास वर्षं आधी मिळाला असता, किती पोरं वाचली असती.

मग रणगाडा संपला का नसता? कारण रणगाडा शंभरेक मीटरवर येईपर्यंत बझुकावाल्याला थांबावं लागतं, आणि मागून धूर निघाला की त्याची जागा कळते, रणगाड्यासोबतचं पायदळ त्याला टिपतं. पण रणगाड्यासोबत कोणी नसेल तर आडोशातला माणूस त्याला दिसतच नाही. रावेरकडच्या केळीच्या बागेत उभं राहून बघा, चार ओळींपलीकडचा ट्रॅक्टर दिसत नाही, नुसता ऐकू येतो. १९६५ च्या युद्धात पंजाबातल्या असल उत्तरला पिकांच्या आडोशानं जीपवरच्या रिकॉइललेस गननं (मागं धक्का न देणारी हलकी तोफ) आपल्या अब्दुल हमीद यांनी पाकिस्तानचे पॅटन रणगाडे असेच गाठले होते.