अ‍ॅडिसनचं निदान नुकतंच झालंय? मग आजारपणाची तयारी आधी करा

अ‍ॅडिसनमध्ये मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल हे शरीराला लागणारं हार्मोन पुरेसं बनवत नाहीत, ते हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्यांनी भरून काढायचं. रोजच्या गोळ्या अंगवळणी पडतात, त्याचं टेन्शन घेऊ नका. हायड्रोकॉर्टिसोनचा मोठा डोस सकाळी उठल्या उठल्या, उरलेला दुपारनंतर. फार उशिरा घेतला तर झोप उडते. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करायची नाही. उभं राहताना चक्कर, सारखं खारट खावंसं वाटणं, हिरड्या आणि तळहातावरच्या रेषा काळवंडणं पुन्हा सुरू झालं, तर डॉक्टरांना दाखवा.

खरी काळजी आजारपणाची. ताप आला की निरोगी शरीर कॉर्टिसॉल आपोआप वाढवतं, आपलं वाढवू शकत नाही. म्हणून डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. नेमका किती, किती दिवस, हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर वाट बघत बसू नका! मोठ्या माणसाला १०० मिलिग्रॅम हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन मांडीत, आणि तडक हॉस्पिटल. इंजेक्शन द्यायला घरातल्या कुणाला तरी शिकवून ठेवाच. त्या वेळी तुम्हाला सिरिंज भरण्याइतकंही त्राण नसेल. पाकिटात आजाराचं कार्ड ठेवा. ऑपरेशन असो वा दात काढणं, आधी सांगा.