पत्रकातला 'आपण' नेमका कोणता?

धुळ्याच्या एका विद्यार्थ्याने विचारलं आहे: "विद्यार्थी प्रतिनिधीच्या निवडीसाठी पत्रक काढलं. 'आम्ही वसतिगृहाच्या मेसचा प्रश्न सोडवू. आम्ही सर्वांना सामावून घेऊ. आपण सहभागी व्हावे.' खोलीतला धडगावकडचा मित्र म्हणाला, 'यात मी कुठंय?' मी म्हटलं, 'आपण' लिहिलंय की. शिवाय घटनेच्या उद्देशिकेतही 'आम्ही, भारताचे लोक' असंच आहे. मग चुकलं कुठं?"

मित्राचा कान तुमच्यापेक्षा तिखट आहे.

मराठीत 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो. 'आम्ही चहाला चाललो' आणि 'आपण चहाला जाऊ' यातला फरक टपरीवर कुणाला समजवावा लागत नाही. आपल्या अहिराणीतही तेच. 'आमना गावले ये' हे पाहुण्याला, 'आपला गावले चाल' हे गाववाल्याला. गुजरातीत 'अमे' आणि 'आपणे' असे दोन शब्द आहेत. हिंदीत मात्र दोन्हींना एकटा 'हम'. 'हम करेंगे' डोक्यात धरून मराठी घोषणा लिहिली की हात आपोआप 'आम्ही'कडे जातो. तुमच्या पत्रकाचं तसंच झालं असावं.

पण तुम्ही 'आपण' लिहिलंय, हेही खरं. गोम तिथेच आहे. 'आपण' हा एक शब्द तीन कामं करतो. 'तो आपण होऊन आला' यात तो 'स्वतः' आहे, आणि मूळ तेच: संस्कृत 'आत्मन्', प्राकृत 'अप्पण'. 'आपण जाऊ' यात बोलणारा आणि ऐकणारा दोघे. आणि 'आपण बसावे' यात फक्त समोरचा, आदराने. कोणता 'आपण' ते क्रियापद सांगतं. 'आपण येऊ' म्हणजे सगळे, 'आपण यावे' म्हणजे तुम्ही. तुमचा 'सहभागी व्हावे' हा लग्नपत्रिकेतला 'आपण' आहे. पाहुण्याला मान भरपूर, पण घर यजमानाचंच. (भूतकाळात क्रियापदही मदतीला येत नाही. 'आपण ठरवलं होतं' असं कुणी बैठकीत म्हणालं की कोणी ठरवलं ते आधी विचारून घ्यावं.)

'सामावून घेऊ'चंही तसंच. रेल्वेचा डबा आमचा, जागा करून देणारेही आम्ही.

उद्देशिकेचा दाखला मात्र इथे लागत नाही. तिथला 'आम्ही' जगाकडे तोंड करून बोलतो. त्या 'आम्ही'तून भारतातला कोणी वगळलेला नाही, आणि शेवटी संविधान 'स्वतःप्रत अर्पण' केलं आहे. तुमचं पत्रक खोलीतल्याच माणसाच्या हातात पडतं.

म्हणून सगळीकडे 'आपण' घाला असंही मी म्हणणार नाही. त्या शब्दालाही दोन तोंडं आहेत. पुढाऱ्याचं 'बघू आपण' म्हणजे काम झालंच नाही समजा. आणि नव्या माणसाची ओळख झाली की बाजूला हळूच विचारतात, 'आपल्यातला का?' तिथे 'आपल्यातला' म्हणजे जात. सगळ्यांना आत घेणारा शब्द दाराला कडी लावायलाही चालतो, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको.

माझा ठोकताळा सोपा आहे. काम 'आपण'ने सांगावं, जबाबदारी 'आम्ही'ने घ्यावी. 'मेसचा ठेका कोणाला द्यायचा ते आपण मिळून ठरवू. महिन्याचा हिशेब आम्ही भिंतीवर लावू.' हिशेबाच्या वाक्यात 'आपण' आला तर हिशेब कोणीच लावणार नाही.

मथळ्याच्या घोषणेत दोन्ही शब्द नसले तरी चालतं. 9 सप्टेंबर 1942 ला नंदुरबारात शाळकरी शिरीषकुमार मेहता ज्या मिरवणुकीत गोळी लागून गेला, तिची घोषणा गुजराती होती: 'नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनुं', म्हणजे भारतभूमीचं निशाण नमणार नाही. त्यात कर्ता आहे निशाण. ते धरणारा 'आम्ही'तला की 'आपण'मधला, हा प्रश्नच उरत नाही.

आणि ते 'व्हावे' आधी काढा.