मिठागरात नव्याने उतरताय तर आधी बोमेमीटर हाताळायला शिका

घाई करू नकोस बाळा. बोमेमीटर म्हणजे पाणी किती दाट झालंय ते दाखवणारं साधन, आणि बोमे हे त्या दाटपणाचं माप. समुद्राचं पाणी साधारण ३.५ बोमेचं असतं. ते आटून जेमतेम दहावा हिस्सा उरतं, तेव्हा कुठे २५च्या पुढे मीठ धरायला लागतं. पण त्याआधी पाण्यातलं कॅल्शियम बसतं: पहिल्यांदा चुनखडी, मग १३च्या पुढे जिप्सम. म्हणून तर आपण पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात फिरवतो. जिप्सम मागच्या कप्प्यातच बसू दे. कच्चं पाणी मिठाच्या वाफ्यात सोडलंस तर खडा मळका येतो, आणि मग कितीही धुतलास तरी तो आतून शुद्ध होत नाही.

माझ्या मते खरी परीक्षा शेवटाला असते. २९ बोमे झालं की उरलेलं पाणी काढून टाक. त्यात मॅग्नेशियम साठलेलं असतं. लोभापायी ते ठेवलंस तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पोत्यातच पाझरतं. मी पहिल्या वर्षी तेच केलं, अख्खी रास वाया गेली, अजून हळहळ वाटते.

आणि हो, मोजणी सकाळी कर. दुपारच्या तापलेल्या पाण्यात आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.