रीची जाहीर करावी की गप्प राहावे?

प्रश्न : आम्ही रामबागेतील काही मंडळी रविवारी दुपारी जपानी माजाँग (अक्षरे, वर्तुळे, बांबू अशा सोंगट्यांचा चौघांचा खेळ) खेळतो. गेल्या वेळी सहाव्या फेरीतच माझा हात तयार झाला : अक्षरांच्या २-३-४ आणि ६-७-८, वर्तुळांच्या ५-६-७, वर्तुळ ९ ची जोडी आणि बांबूच्या ४ व ६. दोरा (हातात असल्यास गुण वाढवणारी सोंगटी) अक्षर ८ होता आणि मी डीलर नव्हते. हवी होती फक्त बांबू ५. हात आणखी सुधारेल म्हणून मी रीची (एकाच सोंगटीने हात पुरा होणार असल्याची घोषणा) जाहीर केली नाही. लगेच समोरून बांबू ५ पडली, पण याकू (जिंकण्यासाठी हातात लागणारी ठरावीक अट; रीची हाही एक याकू) नसल्याने ती घेता आली नाही. अशा वेळी काय करावे? — एक वाचिका, इंदूर

उत्तर : सुधारणेची आपली आशा निराधार नव्हती. बांबू ३ किंवा ७ आली असती, तर चार सोंगट्यांऐवजी आठ सोंगट्यांची वाट पाहता आली असती आणि पिन्फू हा याकूही जुळला असता. पण तोपर्यंत दुसरा याकू नसताना जिंकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे बांबू ५ स्वतः ओढणे, कारण तसे जिंकणे हाही एक याकू आहे. रीची जाहीर केल्यावर मात्र तीच सोंगटी तिघांपैकी कोणीही टाकली तरी रीची आणि दोरा मिळून २,६०० गुण होतात, उरा-दोराची (रीचीने जिंकल्यावर उघडणाऱ्या जादा दोराची) शक्यता वेगळीच. शिवाय रीचीसाठी इतक्या लवकर पणाला लागलेली हजार गुणांची काठी पाहून निदान एखादा खेळाडू तरी आपला हात मोडून बचावाकडे वळतो. म्हणून मी जाहीर केली असती. मात्र दोन बांबू ५ आधीच पडलेल्या असत्या किंवा दुसऱ्या कोणाची रीची आलेली असती, तर मी थांबलो असतो, कारण रीचीनंतर हात बदलता येत नाही आणि ओढलेली सोंगटी कितीही धोक्याची असली तरी टाकावीच लागते.

गप्प राहण्याचे खरे मोल भारी हातात असते. तान्याओ (हातात १, ९ किंवा मानाच्या सोंगट्या नसण्याचा याकू), पिन्फू आणि दोन दोरा असतील, तर डीलर नसतानाही दुसऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर ७,७०० गुण मिळतात. रीचीने ते ८,००० होतात. इप्पात्सू (रीचीनंतरच्या पहिल्याच फेरीत जिंकणे) किंवा उरा-दोराने १२,००० होतील हे खरे, आणि पिछाडीवर असलेल्याने तो मोह जरूर धरावा, पण एरवी तीनशे गुणांसाठी तिघांना सावध करणे मला पटत नाही. शेवटच्या डावात आघाडीवर असणाऱ्याने तर, हातात याकू असेल तोवर, काठीला हात लावू नये : आघाडी हजाराहून कमी असेल आणि डाव कोणीच जिंकला नाही, तर त्या काठीपायीच पहिला क्रमांक जाऊ शकतो.