नवीन पोलीस पाटील झालायस? आधी एवढं धर

भाऊ, अभिनंदन! शिरपूरकडचं बॉर्डरवरचं गाव, पलीकडे लगेच मध्य प्रदेश, म्हणजे तुझ्या माहितीला किंमत आहे. बाकीचे नियम नंतर बघू.

१) पाहिलेलं आणि ऐकलेलं वेगवेगळं सांग. नवीन लोकं इथंच चुकतात. "संशयित माणसं आलीत" असं नको, "रात्री साडेअकराला बिननंबरची पिकअप शाळेमागे उभी होती, मी स्वतः पाहिली" असं सांग. तुझी माहिती बीट अंमलदार (तुझ्या गावाच्या भागाचा ठाण्यातला पोलीस), ठाण्याची गोपनीय शाखा, जिल्हा विशेष शाखा अशी वर जाते, गरज पडली तर राज्य गुप्तवार्ता आणि केंद्राची गुप्तचर यंत्रणा आयबीपर्यंत, दिल्लीत तर २००१ पासून मल्टी एजन्सी सेंटर आहे जिथं सगळ्या यंत्रणांची माहिती एकत्र करतात, त्यामुळे खाली एक शब्द इकडचा तिकडे झाला की वर अर्थच बदलतो.

२) व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं नाही. मी टाकलं होतं, संध्याकाळपर्यंत खबर देणाऱ्याचं नाव गावभर, तो परत माझ्याशी बोललाच नाही. सरळ ठाण्यात फोन कर, तातडीचं असलं तर ११२.

३) कापूस वेचायला आलेला मजूर परका दिसतो म्हणून संशयित होत नाही. माणूस कोण ते नको, त्यानं काय केलं ते बघ.

आणि वहीत तारीख-वेळ त्याच रात्री लिही, सकाळी नाही.