विणकामात टाक्यांचे आणि ओळींचे मार्कर नेमके कुठे लावावेत?

आपण विचारले आहे की दोन्ही मार्कर, म्हणजे विणीत खूण करायची छोटी साधने, सारखेच दिसत असताना त्यांचा वापर वेगळा कसा. फरक जागेचा आहे: टाक्यांचा मार्कर दोन सुयांच्या विणकामात सुईवर दोन टाक्यांच्या मध्ये बसतो आणि प्रत्येक ओळीत डाव्या सुईवरून उजव्या सुईवर सरकवला जातो, ओळीचा मार्कर मात्र प्रत्यक्ष टाक्यात अडकवून तिथेच ठेवायचा असतो.

सुईवर दोनशे टाके घालायचे असतील, तर दर वीस टाक्यांनंतर एक कडी, म्हणजे गोल मार्कर, घालावी, म्हणजे चूक झाल्यास फक्त तेवढे वीसच पुन्हा मोजावे लागतात. जाळीच्या नक्षीत प्रत्येक आवर्तनाच्या सीमेवर कडी असली की चुकलेला टाका त्याच ओळीत सापडतो. मात्र कडीला लागूनच सुईवर धागा घेतलेला असेल, तर ती त्या वेढ्याखालून पलीकडे सरकू शकते, म्हणून तिथे विशेष लक्ष द्यावे.

क्रोशामध्ये बंद कडी चालत नाही, कारण ती विणीत कायमची अडकते. तिथे उघडझाप होणाराच मार्कर हवा. मुक्या खांबांनी (क्रोशाच्या आखूड टाक्यांनी) गोल गोल, फेऱ्या न जोडता विणताना प्रत्येक फेरीच्या पहिल्या खांबात तो लावावा आणि फेरी पूर्ण झाल्यावर काढून नव्या पहिल्या खांबात घालावा.

ओळींसाठी दर दहाव्या ओळीत एक खूण पुरते. स्वेटरच्या दोन्ही बाह्या सारख्या लांबीच्या होण्यासाठी मी हीच पद्धत सर्वांत भरवशाची मानते. मार्कर नसल्यास वेगळ्या रंगाच्या गुळगुळीत सुती दोऱ्याचा फास वापरावा. लोकरीचा नको, तिचे तंतू विणीत राहतात.