ग्रीनहाऊसमध्ये फवारूनही मावा परत का येतो?

तुमचा प्रश्न असा: कॅनडातल्या कॅलगरीत घरामागे छोटं ग्रीनहाऊस आहे, एप्रिलमध्ये टोमॅटो-मिरचीच्या रोपांवर मावा (पानांतला रस शोषणारी बारीक कीड) पडतो, साबणाचं पाणी फवारलं तरी आठवड्याभरात पुन्हा दिसतो. शिवाय रोपं बाहेर कधी लावायची?

एप्रिलमध्ये मावा सहसा बाहेरून येत नाही, तो तुमच्याच कुंड्यांवर हिवाळा काढतो. थंडीत आत घेतलेला कढीपत्ता किंवा गेल्या वर्षीची मिरची ग्रीनहाऊसमध्ये असेल तर आधी तिचे कोवळे शेंडे आणि पानांच्या खालची बाजू भिंगातून पाहा. पानं चिकट लागली किंवा खोडावर मुंग्या चढताना दिसल्या, तर माव्याचा संशय घ्या. ती कुंडी रोपांपासून वेगळ्या खोलीत हलवा. ट्रे घासून घ्या, कोपऱ्यातलं तण उपटा.

उबेत मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठ-दहा दिवसांत स्वतः विऊ लागतात. साबण मात्र अंगाला लागला तरच मारतो. वाळला की त्याचा असर संपतो. म्हणून एका फवारणीत भागत नाही. दर ५ दिवसांनी, सलग ३ वेळा, पानांच्या खालून फवारा. झाडांसाठी मिळणारा कीटकनाशक साबणच घ्या आणि लेबलवरचं प्रमाण पाळा. भांडी घासायचं लिक्विड नको, पानांवरचा मेणाचा थर निघून जातो. कॅलगरीचं नळाचं पाणी जड असतं, त्यात साबणाचा साका होऊन जोर कमी होतो. वितळवलेल्या बर्फाचं पाणी वापरा. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस थांबा. फवारणी संध्याकाळीच करा, उन्हात पानं करपतात.

नत्राचं खत हात राखून द्या. लुसलुशीत वाढीवर मावा सगळ्यात आधी बसतो.

विकतचे लेडीबर्ड किडे मला पटत नाहीत, झडप उघडली की उडून जातात. मातीवर उडणारी काळी चिलटं मात्र वेगळी, ती जास्त पाण्याने होतात. वरची २ सेंमी माती वाळू द्या.

लावणीचं म्हणाल, तर वाटाणा, पालक, मुळा बाहेरची माती ५ अंशांवर गेली की पेरा. टोमॅटो-मिरचीला रात्री सलग १० अंशांच्या वर हव्यात, म्हणजे मेअखेर ते जूनचा पहिला आठवडा. चिनूक वाऱ्याच्या (रॉकी पर्वतांवरून येणाऱ्या उबदार, कोरड्या वाऱ्याच्या) उबेला भुलू नका, मागोमाग हिमकडाका येतो. लावणीआधी ८-१० दिवस रोपं बाहेर सरावू द्या: पहिल्या दिवशी सावलीत, वाऱ्याच्या आडोशाला तासभर, मग रोज थोडं वाढवत. या दिवसांत रोज शेंडे तपासा, नाहीतर ग्रीनहाऊसचा मावा तुम्हीच वाफ्यात नेऊन सोडाल.